एकशेतीस अंश

सुकदेव बागुल अपर्णाला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यालाही ती. सुरतेच्या रिंग रोडवर हसमुखभाईंची कंपनी होती. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलसाठी सॉफ्टवेअर बनवायची. अपर्णा पाटणकर तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. वडील बँकेत, बदली होऊन सुरतेत आले आणि इथलेच झाले. सुकदेवचे वडील पांडेसऱ्याला लूम्सवर कामाला. तो आला तोच नाक वर करून. ती ज्यात प्रोग्रॅम लिही त्या फॉक्सप्रोला तो ‘बायकांचं विणकाम’ म्हणायचा, आणि तेही अपर्णाला ऐकू जाईल असं.

त्याचं सगळं प्रेम लिनक्सवर, विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर. कुठल्याशा मासिकाबरोबर सीडी आली होती, ती तो खिशात रुमाल ठेवावा तशी घेऊन हिंडे. ऑफिसात लॅपटॉप एकच, काळा, विटेसारखा जड. गिऱ्हाइकांकडे डेमोला जाताना तो अपर्णाच्या खांद्यावर असे. एका शनिवारी सुकदेवने कुणाला न विचारता त्याची अर्धी डिस्क लिनक्सला दिली.

सोमवारी हजीऱ्याच्या एका कारखान्यात अपर्णाने तो उघडला. समोर सहा माणसं बसलेली. पडद्यावर विंडोज आलंच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो तिला नाव विचारत राहिला. तिने आपलं नाव टाकलं, कंपनीचं टाकलं, बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. एका मॅनेजरने चहा मागवला, दुसरा घड्याळ पाहत उठला. तिने तिथूनच ऑफिसात फोन लावला.

“सुरू होताना ‘डॉस’ टाइप करायचं, मॅडम,” सुकदेव म्हणाला. “एवढंही वाचता येत नाही का तुम्हाला?”

“मला सांगितलं होतंत तुम्ही?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

ती खोलीत परतली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या.

ऑफिसात आल्यावर तिने हसमुखभाईंसमोरच त्याला फैलावर घेतलं. सुकदेवही गप्प बसणारा नव्हता. त्याचा आवाज चढला की त्याच्या तोंडात घरची अहिराणी येई. “माले शिकाडू नको!” तो ओरडला. हसमुखभाई दोघांकडे पाहून दमले. “अपर्णाबेन,” ते म्हणाले, “लॅपटॉप हतो तेवो करी नाखो.” होता तसा करा, विषय संपला.

सुकदेव दुसऱ्या दिवशी मिलवर गेलेला असताना ती लॅपटॉप घेऊन बसली. त्याचंच लिनक्सचं जाडजूड पुस्तक टेबलावर पडलं होतं. पासवर्डशिवाय आत कसं शिरायचं ते त्यात सापडलं, आणि ती शिरली. तिथे त्याचं काम होतं, कित्येक महिन्यांचं, शनिवारी ऑफिसच्या पीसीवरून इथे हलवलेलं, दुसरीकडे प्रत न ठेवता. डाइंग मशीनला केबल जोडून आतलं तापमान क्षणाक्षणाला टिपणारा प्रोग्रॅम. तिने तो दोन फ्लॉपींवर उतरवून घेतला. का, तर उद्या बोभाटा नको. मग लिनक्सचा भाग पुसला आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकल्या. त्याने येऊन विचारलं की काढून द्यायच्या, थोडं ऐकवून, पण द्यायच्या.

त्याने विचारलं नाही. लॅपटॉप उघडला, बंद केला, आणि जागेवर जाऊन बसला. दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाला, “आमच्याकडे आता फरशी पुसायला बाईची गरज नाही. आहे एक.”

लोक हसले. अपर्णाने पर्सची चेन लावून टाकली.

पुढे महिना-दीड महिना त्याने दुसऱ्यांदा तेच काम केलं. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला लॅपटॉप आणला. त्याची बिजागरी तुटलेली, पडदा उभा राहायला मागे पेपरांचा गठ्ठा लावावा लागे. त्यावर लिनक्सचं ग्राफिक्स चालेना म्हणून तो दिवसचे दिवस सेटिंगमधले आकडे बदलून पाही आणि यंत्राला शिव्या घाली. डोळे लाल झालेले. अपर्णा समोरच्या टेबलावरून पाहत होती. एका शब्दाने हे थांबलं असतं. तो शब्द त्याने काढावा, असं तिचं म्हणणं.

घरी मात्र ती त्याचा कोड वाचू लागली. आधी दोष काढायला, मग तिला थांबवेना. नाइलाजाने तिने कबूल केलं, की माणूस लिहितो चांगलं. आणि मग एका ओळीवर ती थबकली. तापमान ठेवायला त्याने घेतलेली ‘कॅरॅक्टर’ नावाची जागा इतकी लहान होती, की एकशेसत्तावीसच्या पुढचा आकडा तिच्यात मावला नसता, उलटून उणे झाला असता. पॉलिएस्टर तर एकशेतीसला रंगतं. सुरतेत दुसरं रंगतं काय? तो ऑफिसात शंभरच्या आतले आकडे हाताने घालूनच तपासत होता.

‘नव्याने लिहिताना सुधारेल,’ तिने स्वतःला सांगितलं.

पांडेसऱ्याच्या मिलवर त्या नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीला हसमुखभाईंनी तिलाही पाठवलं. वाफेने भिंती घामेजलेल्या. मिलचे शेठ, सुपरवायझर, दोन इंजिनियर लॅपटॉपभोवती उभे. एकशेदहा, एकशेवीस. सुकदेव छाती काढून समजावत होता. एकशेपंचवीस, एकशेसत्तावीस, आणि पडद्यावर उणे एकशेअठ्ठावीस आलं.

“मशीनमां बरफ पड्यो?” शेठ म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

सुकदेवने केबल काढून लावली. पुन्हा उणे. त्याने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. अपर्णा हाताची घडी घालून उभी होती. हजीऱ्याला आपणही त्याच्यासारख्याच उभ्या होतो, हे तिला आठवत होतं, आणि बरं वाटत होतं. ते बरं वाटणं दोन मिनिटं टिकलं असेल. मग शेठ “उठाव आ डब्बो” म्हणाले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “कॅरॅक्टरच्या जागी मोठं इंटिजर घे. एकशेसत्तावीसच्या वर मावत नाहीये.”

त्याने ते केलं. पडद्यावर एकशेतीस आलं. शेठनी मान डोलावली. सुकदेव मात्र पडद्याकडे पाहतच नव्हता.

“हा कोड तू कधी पाहिलास?”

तिचा हात पर्सच्या चेनवर गेला.

“हा नाही,” तो सावकाश म्हणाला. “जुना. तुझ्याकडे आहे.”

“मागितला नाहीस.”

“माझे डोळे गेले असते तरी तू दिला नसतास.”

“मागितला असतास तर त्याच दिवशी दिला असता.”

“जिने पुसलं तिच्याकडे मी मागू?”

मिलच्या फाटकातून दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी गेली. तिने दुसऱ्या दिवशी फ्लॉपी त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने हातही लावला नाही. आठवडाभर त्या तिथेच पडून होत्या, मग झाडूवालीने कचऱ्यात टाकल्या.

हसमुखभाईंकडे सुकदेवने तक्रार केली नाही. केली असती तर अपर्णाला भांडता आलं असतं. तो तिच्याशी नुसता बोलायचा बंद झाला, टोमणेसुद्धा मारेना. ते तिला सोसेना. दिवाळीनंतर तिने राजीनामा दिला आणि बडोद्याला दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेली.

“लिनक्स येतं?” तिथल्या साहेबांनी विचारलं.

“येतं.”

“कुठे शिकलात?”

“एका सहकाऱ्याचं पुस्तक होतं,” ती म्हणाली. “त्याचं माझं पटत नव्हतं.”

साहेब हसले, त्यांना ती गंमत वाटली. अपर्णा हसली नाही.