काठोकाठ कॉफी

चाकांवरच्या घराचं, म्हणजे ट्रेलरचं, बाहेरचं झाकण उघडलं की वाळवंटात माणसं उगवतात, हे ऑर्लिनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने हीटरवरचं झाकण चोराने तिजोरी उघडावी तसं उघडलं. तरी बिजागरी करकरलीच. मागे वळून पाहतो तर शेजारचा व्हर्लिन घडीची खुर्ची काखोटीला मारून हजर.

"काय बिघडलं?" त्याने आनंदाने विचारलं.

"हीटर पेटत नाही."

"अरेरे," म्हणत व्हर्लिनने खुर्ची उलगडली आणि ऐसपैस बसला.

क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटी माळावर हिवाळा काढायला उत्तरेकडून येणाऱ्या पेन्शनरांना दोनच करमणुकी. एक सूर्यास्त, दुसरी म्हणजे दुसऱ्याचं बिघडलेलं यंत्र. सूर्यास्ताला सल्ला देता येत नाही, त्यामुळे गर्दी दुसरीकडेच जास्त.

ऑर्लिनला मात्र आज करमणूक परवडणारी नव्हती. सकाळीच मर्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, टोपीवर टोपी चढवत सांगितलं होतं, "काल रात्री मी माझ्या मोज्यांवर तुझे मोजे घालून झोपले, ऑर्लिन. सूर्य बुडायच्या आत हीटर पेटला तर ठीक. नाहीतर मी शेरिलला फोन करते."

शेरिल ही लेक, राहायला फिनिक्सला. तिच्या नवऱ्याने ट्रेलर विकण्यासाठी फोटोसुद्धा काढून ठेवले होते, आणि सासूसासऱ्यांसाठी म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली हेरली होती. तिथे जेवण संध्याकाळी पाचला आणि बुधवारी बिंगो. फोन केला की ट्रेलर गेला, हे सांगायची गरज नव्हती. मर्ना कुठलीही गोष्ट एकदाच बोलायची. दुसऱ्यांदा बोलायची पाळी तिच्यावर तिकडे घरी, नॉर्थ डकोटात, कुणी आणली नव्हती.

दुखणं कालपासूनचं. गावातून गॅसच्या दोन्ही टाक्या भरून आणल्या, बसवल्या, उघडल्या, आणि तेव्हापासून हीटरचा पंखा घुमायचा, टिकटिक व्हायची, जरासा भडका उडायचा आणि मग म्हाताऱ्याने खोकून कूस बदलावी तसं सगळं गप्प. गॅसवरच्या फ्रीजचा लाल दिवा डोळे मिचकावत होता. शेगडीची ज्योत मसुरीच्या दाण्याएवढी.

एवढ्यात दुसरी खुर्ची आली. तिच्यासोबत उत्तरेकडच्याच सस्कॅचेवानचा डुएन.

"कोळी!" तो बसायच्या आधीच म्हणाला. "कोळ्यांना या गॅसच्या वासाचं वेड असतं. बर्नरच्या नळीत जाळं केलं असणार. उघड."

ऑर्लिनने बर्नर उघडला, फुंकला, ब्रशने घासला. कोळी नव्हता. जेवायला बोलावलेला पाहुणा आलाच नाही, असं डुएनचं तोंड झालं.

"ट्रेलर तिरका आहे तुझा," व्हर्लिन म्हणाला. "फ्रीज तिरका चालत नाही."

"मला हीटर हवाय, व्हर्लिन. हीटर तिरका चालतो ना?"

"चालतो. पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

तत्त्वासाठी चाकाखाली फळी सरकवली. ट्रेलर सरळ झाला. हीटर खोकून झोपला.

ऑर्लिन डोकं खाजवत उभा राहिला. एका घरातल्या तिघांना एकदम जुलाब लागले तर तिघांच्या नाड्या बघत बसू नये, विहिरीचं पाणी बघावं. हीटर, फ्रीज आणि शेगडी, तिघांची विहीर म्हणजे टाक्या. तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला गेला. मागोमाग खुर्च्या गेल्या.

त्याने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पुन्हा उघडला, नेहमीसारखाच. म्हणजे एका झटक्यात, शेवटापर्यंत. उणे तीसच्या थंडीत हातमोज्याबाहेर काढलेला हात फार वेळ आपला राहत नाही, त्यामुळे उत्तरेकडची माणसं नळ काय आणि व्हॉल्व्ह काय, गर्रकन फिरवून हात परत घरात घेतात. इथे अंगावर अर्ध्या बाह्यांचा सदरा होता, पण मनगटाला कोण सांगणार?

"तुझ्यात दम नाही राहिला," म्हणत व्हर्लिनने गर्रकन फिरवला. तोही थंडीतल्या मोंटानाचा. मग डुएनने फिरवला, त्याहून गर्रकन. दर खेपेला आतून, शेगडीपाशी बसलेल्या मर्नाचा आवाज यायचा, "मोठी झाली... नाही, मसूर!"

"रेग्युलेटर गेला," डुएनने निदान केलं. "नवा घे."

"आज रविवार आहे. दुकान बंद."

"मग उद्या घे," डुएन उदारपणे म्हणाला. सूर्य डोंगरापासून हातभर उरला होता. ऑर्लिनला भिंतीवर बिंगोचे आकडे दिसायला लागले. त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

तेवढ्यात दार उघडून मर्ना बाहेर आली. अंगावर इतके कपडे की दारातून आडवी निघाली. हातात कॉफीचा मग, काठोकाठ भरलेला.

"शेगडी बंद करून आलेय. त्या मसुरीवर एवढी उकळायला अख्खी दुपार गेली," ती म्हणाली. "एक थेंब सांडलास तर बघ."

"आम्हाला?" व्हर्लिनने विचारलं.

"तुम्ही बसलाय ना, तेवढं पुरे," म्हणत ती परत आत गेली.

हातातला मग ठेवायला ऑर्लिन जागा शोधू लागला. खाली खडी. खुर्च्यांवर सल्लागार. टाक्यांवरचं झाकण गोल. इकडतिकडच्या गप्पा झाल्या, डुएनने रेग्युलेटरचं माहात्म्य पुन्हा सांगितलं, आणि कॉफीचा मग हातातच राहिला. शेवटी त्याने उजव्या हातात कॉफी धरली, नजर कॉफीवर ठेवली आणि डाव्या हाताने व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. जरा फिरवायचा, कॉफी हलली की थांबायचं. निजलेल्या बाळाच्या खोलीचं दार उघडावं तसा.

थेंब सांडला नाही. टाकीने नुसता सुस्कारा सोडला.

"आता पेटव!" तो ओरडला.

आत काडी ओढल्याचा आवाज. मग, "ऑर्लिन! मसूर नाही! निळी, हाताएवढी!"

"तशीच आहे का?"

"तशीच आहे!"

हीटरचा पंखा घुमला. टिकटिक झाली. तिघे म्हातारे हीटरच्या जाळीपाशी जमले. आत धप्प झालं आणि ते धप्प टिकलं. बाहेरच्या जाळीतून जळक्या धुळीच्या वासाची ऊब थेट डुएनच्या पँटवर आली, तसा तो पोरासारखा हसला. फ्रीजचा लाल दिवा केव्हा विझला कुणी पाहिलंच नाही.

व्हर्लिन टाक्यांपाशी परत जाऊन वाकून बघत होता. "आता आलं लक्षात. नळीच्या तोंडाशी राखणदार बसवलेला असतो. गॅस भसकन आला की त्याला वाटतं नळी फुटली, मग तो गळा आवळून धरतो. आपण तिघंही झटके देत होतो आणि तो बिचारा घाबरत होता. मी म्हणतच होतो."

"तू म्हणत होतास ट्रेलर तिरका आहे."

"आता आहे का तिरका?"

ऑर्लिनने चाकाखालच्या फळीकडे पाहिलं आणि कॉफीचा घोट घेतला. खुर्च्या घरी गेल्यावर तो आत आला तर मर्नाच्या कानाला फोन.

"नाही गं शेरिल," मर्ना सांगत होती. "फिनिक्सला कशाला? इथे उकडतंय. आणि ते फोटो काढून टाकायला सांग त्याला."

ऑर्लिन बाकावर मटकन बसला. ऊब गुडघ्यापर्यंत चढली होती.

"तू खरंच गेली असतीस?"

"बॅग भरली होती."

त्याने बॅग उघडून पाहिली. आत दोन उशा.

"आणि कपडे?"

"अंगावर आहेत ना सगळे," मर्ना म्हणाली आणि एकेक स्वेटर उतरवायला लागली. ते काम बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे कुठेतरी बिजागरी करकरली. ऑर्लिनने खुर्ची काखोटीला मारली. मर्नाने न विचारता मग काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.

"अवजार घेऊन जा," ती म्हणाली.