स्वयंपाकघरात आलेली बाईंची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, वर्गातल्या बाईंची. दोन हात, उंच पाठ, जड लाकूड आणि बसणाऱ्याच्या अंगात आपोआप येणारा ताठा, एवढे माझे भांडवल. मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून तुम्हाला मित्र म्हणते. एरवी माझी आणि मुलांची मैत्री कधीच नव्हती. बाई वर्गाबाहेर गेल्या की एखादा अतिशहाणा माझ्यावर बसून बघायचा आणि मग तासभर कोपऱ्यात उभा राहायचा. मला त्यात आनंद वाटे. खोटे कशाला बोलू?

ज्या सुताराने मला घडवले तो कामचुकार होता. माझा मागचा डावा पाय त्याने गाठ असलेल्या लाकडाचा काढला आणि गाठीवर पॉलिश फासून मोकळा झाला. ती गाठ घेऊन मी एका शाळेत छत्तीस वर्षे काढली. सात शिक्षिका आणि दोन गुरुजी माझ्यावर बसून गेले. त्यांतल्या थोड्यांना शिकवता येत होते, बहुतेकांना नव्हते, पण बसता मात्र सगळ्यांना येत होते. मुले टेबलापलीकडे उभी राहून, पुस्तक टेबलावर आपल्या बाजूने उघडे ठेवून वाचत, त्यामुळे मला सगळी अक्षरे उलटी दिसत. उलटे वाचणे माझ्या अंगवळणी पडले. ही विद्या किती जणांना येते, सांगा बरे.

मग शाळेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. रंगीत, हलक्या, एकमेकींच्या मांडीवर बसणाऱ्या. मला जिन्याखाली टाकून दिले. तिथून एका गृहस्थाने मला डोक्यावर घेऊन, तीन गल्ल्या पार करून आपल्या घरी आणले. हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतो. घरात त्याची बायको, सात वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी. आणि त्या घरात आता शाळा भरणार होती. स्वयंपाकघरात. हे ऐकले आणि मला जिन्याखालचे कोळी बरे वाटू लागले.

असे का, तेही सांगते. थोरलीला वाचता येत नव्हते. शाळेत साठ मुलांच्या वर्गात तिला रोज वाचायला उभे करत आणि ती अडली की दाराबाहेर पाठवत. पुढेपुढे शाळेच्या फाटकापाशी आले की तिला ओकारी होऊ लागली. शेवटी आईबापांनी दोघींनाही घरीच शिकवायचे ठरवले. शिक्षण कार्यालयाने परवानगी दिली, पण अट घातली. वर्षअखेरीस एक तपासनीस बाई घरी येतील आणि स्वतःजवळच्या पुस्तकातले एक पान थोरलीपुढे ठेवतील. वाचले तर पुढच्या वर्षीही घरी. नाही वाचले तर पुन्हा त्याच शाळेत, तेही एक इयत्ता खाली. ते पत्र बापाने फ्रिजवर चिकटवले होते. थोरलीला ते वाचता येत नव्हते, पण त्यात काय लिहिले आहे ते तिला पाठ होते.

आता या शाळेची थोरवी ऐका. टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला बाक, त्यावर दोघी मुली. समोर मी. माझ्या पाठीशी गॅस आणि शिट्ट्या मारणारा कुकर. आई आधी एका दवाखान्यात रुग्णांची नावे लिहून घेण्याचे काम करायची. शिकवण्याचा तिला गंध नव्हता, पण नियम करायची हौस दांडगी. तिचा पहिला नियम असा, की ती माझ्यात बसली की आई नाही, बाई. माझ्यातून उठली की पुन्हा आई. बाईंना बाई म्हणायचे, अहो-जाहो करायचे आणि बोलण्याआधी हात वर करायचा. पहिल्याच आठवड्यात धाकटीला शू लागली. ती तसे म्हणाली तर बाईंनी आधी हात वर करायला लावला. पुढे काय झाले ते सांगत नाही, फरशी मात्र पुसावी लागली.

दूध उतू गेले की बाई उठून आई व्हायची, गॅस बंद करायची आणि परत बसून बाई व्हायची. एका सकाळी ती अकरा वेळा आई झाली. मी छत्तीस वर्षे खऱ्या वर्गात घालवलेली. हा पोरखेळ बघून मला हसावे की रडावे कळेना. बाप तर त्याहून धन्य. संध्याकाळी काळे हात घेऊन यायचा, आज शाळेत काय झाले म्हणून विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत पेंगायचा.

वाचनाचा तास मात्र दृष्ट लागावी असा चालायचा. बाई धडा एकदा मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि मग थोरलीला वाचायला सांगायच्या. थोरली पुस्तक उघडायची, ओळीवर बोट ठेवायची आणि घडाघड वाचायची. कुठे अडणे नाही, कुठे चुकणे नाही. तिसऱ्या महिन्यात आई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती, शाळेला वर्षभरात जमले नाही ते मी तीन महिन्यांत करून दाखवले. तेव्हा ती माझ्यातच बसली होती, आणि फुशारकीने इतकी टेकून बसली होती की माझी पाठ करकरली.

मी उलटे वाचू शकते, हे विसरू नका. थोरलीचे तोंड पाचव्या ओळीवर असायचे आणि बोट तिसरीवर. कधी तर पानच दुसरे असायचे. ती वाचत नव्हती. एकदा ऐकलेले जसेच्या तसे म्हणत होती. एखादा नवा धडा बाई आधी वाचून दाखवणार नसल्या की ती सकाळी धाकटीला घेऊन कपड्यांच्या कपाटामागे जायची आणि धाकटी तिला तो वाचून दाखवायची. होय, पाच वर्षांची धाकटी वाचत होती. तिला कुणी शिकवले नव्हते. ती नुसती बहिणीशेजारी बसून पुस्तकात डोकावायची. बाईंना त्याचाही पत्ता नव्हता.

एवढे सगळे डोळ्यांसमोर चालले होते आणि बाईंना दिसत नव्हते, कारण त्यांच्याकडून पुस्तक उलटे होते. ओळी, बोट, सगळेच उलटे. बाई फक्त कानांनी तपासत होत्या. मी मनातल्या मनात नाक मुरडत राहिले. मला वाचा असती तरी मी सांगितले नसते. हौशी माणसांचे असेच व्हायला हवे, असे मला वाटत होते. थोरलीचे काय होईल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

असे आठ महिने गेले. मग एका रविवारी स्वयंपाकघरातला दिवा गेला. रोज उंच उंच इमारतींत चढणारा तो बाप घरातली शिडी काढायचा कंटाळा करून बूट घालून माझ्यावर चढला. सुताराने लपवलेली गाठ त्या दिवशी बोलली. पाय मोडला, बाप पडला आणि मी आडवी झाले. बापाला काही लागले नाही. मला आहे तशी भिंतीकडे सरकवून तो म्हणाला, सवडीने बघू. त्याची सवड मला ठाऊक होती.

सोमवारी नऊ वाजता आई हात पुसत आली आणि बसायला जागाच नाही असे तिच्या लक्षात आले. तिने क्षणभर इकडे तिकडे पाहिले. मग ती बाकाकडे गेली आणि थोरलीला जरा सरकायला सांगून तिच्या शेजारी बसली. नेहमीसारखा धडा वाचून दाखवला. थोरलीने बोट ठेवले आणि सुरू केले. आई ऐकत होती आणि या वेळी बघतही होती. चार वाक्ये झाली. आईचा चेहरा पांढरा पडत गेला.

"थांब," ती म्हणाली. "तू आत्ता जे म्हणालीस, ते यात कुठे आहे? दाखव मला."

थोरलीने पानभर बोट फिरवले. कुठेच ठेवले नाही. धाकटी हळूच दाखवायला गेली, तर आईने तिचा हात धरला.

"तुला वाचता येत नाही?"

"नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस, बाळा? आठ महिने?"

"आईला सांगितलं असतं," थोरली म्हणाली. "पण मग बाईंना कळलं असतं."

त्यानंतर दोघी रडल्या. काय झाले ते धाकटीला कळेना, म्हणून तीही रडली. त्या दिवशी शाळा साडेनऊलाच सुटली. मी फरशीवर आडवी पडून सगळे ऐकत होते. मित्रांनो, मला लाज वाटली. हे मी एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका.

आडवी पडल्यामुळे मला टेबलाखालचे दिसू लागले. छत्तीस वर्षे मी मुलांच्या समोर बसले, पण त्यांचे पाय कधी पाहिले नव्हते. पुस्तक उघडले की थोरलीच्या पायाची बोटे आत वळून घट्ट मिटायची. आई शेजारी बसून एकेका अक्षरावर तिचे बोट धरून थांबायची. एक शब्द लागला की बोटे जरा सुटायची आणि पुढचा आला की पुन्हा मिटायची. तपासणीला चार महिने उरले होते आणि पहिल्या आठवड्यात त्या दोघींनी मिळून एकोणीस शब्द वाचले. मला हसूच येणार होते, पण त्या पायांकडे पाहून आले नाही.

कसली कसली पुस्तके वाचायच्या, तेही ऐका. साबणाचा खोका. औषधाची बाटली. एकदा बाप लिफ्टमध्ये लावायची पाटी घेऊन आला, 'दार उघडे असताना पाऊल टाकू नये'. थोरली त्या एका पाटीशी दोन दिवस झगडली. वाचून झाल्यावर तिने बापाला विचारले, की हे न वाचता येणारी माणसे पाऊल टाकतात का? बापाला त्या दिवशी पेंग आली नाही.

महिन्याभराने त्याने लोखंडी पट्टी ठोकून माझा पाय जोडला. पट्टी इतकी बेढब की प्लॅस्टिकच्या खुर्च्याही हसल्या असत्या. उभी झाले खरी, पण आई पुन्हा माझ्यात बसली नाही. मला खिडकीखाली सरकवून माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचले. बाईंची खुर्ची, आणि अंगावर टॉवेल, मोजे. बोलायची सोय नाही.

अखेर तपासनीस बाई आल्या. धिप्पाड बांधा, हातात फाईल, कपाळावर कायमची आठी. घाईघाईने कपडे उचलले गेले, मला पुसले गेले आणि टेबलासमोर मांडले गेले. त्या बसल्या आणि माझे अंग सैलावले. किती दिवसांनी कुणीतरी नीट बसले होते. ऐसपैस, ठाम, दोन्ही हात माझ्या हातांवर. त्यांनी आईला गॅसपाशी उभे राहायला सांगितले आणि मध्ये बोलायचे नाही म्हणून बजावले. बाप दारात उभा होता, धुऊनही काळेच राहिलेले हात मागे लपवून. धाकटी बाकाच्या टोकाला. तपासनीस बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढले, मधलेच पान उघडले आणि थोरलीपुढे सरकवले.

एका होडीची गोष्ट होती. थोरली वाचू लागली. सावकाश, दगड उचलावे तसा एकेक शब्द उचलत. तपासनीस बाईंची बोटे माझ्या हातावर टकटक करू लागली. अशी टकटक मी छत्तीस वर्षे अंगावर घेतली आहे, तिचा अर्थ मला माहीत आहे. चौथ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला आणि थोरली थांबली.

आईने ओट्याची कड धरली. थोरलीच्या पायाची बोटे टेबलाखाली कशी झाली असतील ते मला न बघता कळत होते. फाईल उघडल्याचा आवाज झाला. मला वाटले, संपले. आणि खरे सांगते, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी पास व्हावे असे वाटत होते.

थोरलीने हात वर केला.

"बोल," तपासनीस बाई म्हणाल्या.

"हा शब्द मला येत नाहीये. तुम्ही इकडे येऊन बसता का? तिकडून तुम्हाला उलटं दिसतंय."

तपासनीस बाईंनी थोरलीकडे पाहिले, मग पुस्तकाकडे. कपाळावरची आठी तशीच होती. इतकी वर्षे मुले तपासणाऱ्या त्या बाईंना हे कुणी कधी सांगितले नसावे. त्यांनी माझ्या हातांवर जोर दिला आणि त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून बाकावर गेल्या. धाकटी सरकली. बाईंनी काही सांगितले नाही, नुसते आपले बोट त्या शब्दाच्या सुरुवातीला ठेवले. थोरलीने शब्द तीन तुकड्यांत वाचला, मग सगळा मिळून वाचला, आणि मग पानाच्या शेवटपर्यंत गेली. मध्ये दोनदा अडली आणि दोनदा तसे सांगून पुढे गेली. पान संपल्यावर तपासनीस बाईंनी तिथेच, बाकावर बसून, मांडीवर फाईल घेऊन लिहिले. पुढचे वर्षही घरीच. नंतर चहा दिला, तोही त्यांनी तिथेच घेतला. मी समोर रिकामी होते आणि माझ्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते.

आता मी तुमच्याकडे काही मागावे अशी रीत आहे. मला पुसा, पॉलिश करा, जिन्याखाली टाकू नका, असे मी म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. तसले काही मी मागत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि माझ्यासारखी एखादी खुर्ची तुमच्याही वाट्याला येईल. तुमच्यातल्या बहुतेकांना तिच्यात नुसते बसताच येईल, हे मी आजच सांगून ठेवते. पण समोरचे लेकरू अडले, तर उठा आणि त्याच्या बाजूला जाऊन बसा. मागे राहिलेल्या खुर्चीला वाईट वाटेल. वाटू द्या.