मैदानावरचा मांडव

आमच्या गावाला मैदान एकच, शाळेमागचं. ते नगरपालिकेच्या मालकीचं आणि त्याच्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला. मी आकाराम, पालिकेच्या युवा कक्षाचा कारकून. युवा कक्ष म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशेजारचं एक टेबल आणि त्या टेबलामागं चोपन्न वर्षांचा मी. त्याआधी मी मोकाट जनावरांच्या कोंडवाड्याकडं होतो. तिथून उचलून मला गावातल्या तरुणांच्या कल्याणाला लावलं.

यंदा नगराध्यक्ष हंबीररावांच्या डोक्यात युवा संवाद मेळावा शिरला. "तरुण पोरं पालिकेपासनं तुटल्यात, आकाराम. जोडाय पायजेत," असं म्हणून त्यांनी ठराव केला. मैदानभर मांडव पडला, खाली हिरवं मॅट अंथरलं, हजार खुर्च्या आल्या. मेळावा रविवारी होता. शुक्रवारी निरोप आला की साहेबांना जमत नाही, पुढचा रविवार धरा. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच निरोप. साहेब कोण ते विचारू नका. प्रत्येक गावाला असा एक साहेब असतो आणि त्याच्यावाचून गावाचं घोडं अडतं. मांडव काढला तर परत घालायला नवा ठराव लागणार, म्हणून तो तसाच उभा राहिला आणि मॅटवर गावातली कुत्री निजू लागली.

त्या मैदानावर रोज पहाटे पोलीस भरतीची पंधरा-वीस पोरं-पोरी पळायची. त्यातली एक क्रांती. तिची आई बाळाबाई शाळेत खिचडी शिजवते, बाप लहानपणीच गेला. वयात बसणारी ही क्रांतीची शेवटची भरती होती. गेल्या खेपेला ती एका मार्कानं हुकली होती, तेही आठशे मीटरच्या धावण्यात. आता मैदानी चाचणी अठरा दिवसांवर आली होती आणि मैदानाला कुलूप होतं.

ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "काका, फाटक उघडा की. मांडवाच्या कडंकडंनं पळतो आम्ही."

"कडंला खुर्च्या रचल्यात गं."

"उचलून ठेवतो. पळून झालं की हुत्या तशा लावतो. हजार असल्या तरी लावतो."

तिनं लावल्याही असत्या. मी म्हणालो, "आन् मॅट खराब झालं म्हंजे? निवांत राहा की. आठ दिवसात निघतोय मांडव."

"तवर कुठं पळू?"

"रस्ता हाय की एवढा."

निवांत हा आमच्याकडचा लाडका शब्द. काय चाललंय विचारलं की माणूस निवांत म्हणतो, मग घरात काही का झालेलं असेना. मीही तो तसाच तोंडातून सोडला. खरं कारण सांगतो. मॅटवर धुळीचे पाय उमटले असते तर हंबीररावांनी मला परत कोंडवाड्याला धाडलं असतं. पंखा, टेबल आणि चहा सोडून मला शेणात जायचं नव्हतं. याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

पाचव्या दिवशी पहाटे धुकं होतं. उचगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली क्रांतीला घासून गेली. ट्रॅक्टरवाला थांबलाही नाही. बरोबरच्या पोरांनी तिला रिक्षात घालून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला नेलं. उजवा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल हळूहळू, पण पळायचं विसरा.

मी बघायला गेलो. क्रांतीनं भिंतीकडं तोंड केलं होतं. बाळाबाई बाहेर आली. ती बोंब मारेल, चारचौघांत माझी अब्रू काढेल असं मला वाटलं होतं. तिनं काढली असती तर बरं झालं असतं.

"आकारामदादा, किल्ली तुमच्यापाशीच हुती न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली.

तीन आठवडे उलटले. भरतीची चाचणी होऊन गेली आणि मग साहेबांची तारीख मिळाली. हंबीररावांनी मला बोलावलं. "त्या पोरीला स्टेजवर आणायची. जिद्दीचा सत्कार करू. बघून बाकीच्यांस्नी हुरूप येतोय."

"अध्यक्ष, ती न्हाय यायची."

"येतीया. आई शाळेत हाय न्हवं तिची?" खिचडीचं काम पालिकेच्या हातात होतं. त्यापुढं बोलायची गरज नव्हती. "आन् टाळ्यांची सुरवात तू करायची. गेल्या टायमाला लोकं नुसती बघत बसल्याली."

नीट वागायची ही माझी दुसरी संधी होती. मी म्हणालो, "करतो की."

मेळाव्याला मांडव गच्च भरला. भरतीच्या चार पोरांनी क्रांतीला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. पाय प्लास्टरात, पुढं काढलेला. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि ठरावात लिहिल्याप्रमाणं युवा किटचा खोका तिच्या मांडीवर ठेवला. खोक्यावर आतल्या वस्तूचं चित्र होतं. पळायचे बूट. खोके मीच मागवले होते. हिच्यापुरतं तेवढं बदलावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. क्रांती त्या चित्राकडं बघत राहिली.

साहेबांनी माइक तिच्या तोंडाशी धरला. "काय बाळ, कसं काय चाललंय?"

तिनं मान वर केली. एवढ्या गर्दीत तिला मी सापडलो, फाटकाजवळच्या खांबाला टेकलेला, किल्ली कमरेला. माझ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "निवांत."

मांडवात कुणी हललं नाही. हंबीररावांनी स्टेजवरून माझ्याकडं बघून भुवई उडवली. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.