मुसक्याआडची मुलगी

सत्तावन साली जूनमध्ये कोल्हापुरात फ्लूचा ताप शिरला, तेव्हा अख्ख्या मंगळवार पेठेत आपण होऊन तोंडाला फडकं बांधून हिंडणारं माणूस एकच होतं. ते म्हणजे दादांची मुलगी कालिंदी.

दादा नगरपालिकेत कारकून आणि कालिंदी मुलींच्या शाळेत मास्तरीण. शाळा उघडते न उघडते तोच तिच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे पडले. मुलगी सकाळी खोकत यायची, दुपारी तिचं कपाळ तापायचं आणि दुसऱ्या दिवशी घरून निरोप यायचा. मग एक डॉक्टर शाळेत येऊन सांगून गेले, की हा ताप खोकल्या-शिंकेतून उडतो, दारं लावलेल्या खोलीत जास्त पसरतो, नाकातोंडावर स्वच्छ कापड ठेवा. बाकीच्या मास्तरणींनी माना डोलावल्या आणि त्या चहाला गेल्या. कालिंदी तडक सिकंदर शिंप्याच्या दुकानात गेली.

"मास्तरीणबाई," सगळं ऐकून घेतल्यावर सिकंदर म्हणाला, "सदरं शिवलं, परकर शिवलं, टांग्याच्या घोड्याची झूल बी शिवली. पर नाकाचं माप आजवर कुणी दिलं न्हाय."

पण माणूस हौशी. उरल्यासुरल्या कापडातून त्यानं घरातल्या तिघांसाठी नाडीच्या पट्ट्या शिवून दिल्या. कालिंदीला पायजम्याच्या रेघांचं कापड, तिच्या आईला, म्हणजे माईला, पांढरं, आणि दादांच्या मिशा ज्यात मावल्या ते कापड नेमकं गुलाबी फुलांचं निघालं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालेल्या कालिंदीला शेजारच्या धोंडुबाईनं अडवलं. "काय गं पोरी, बैलावानी मुसकं का बांधलंयस? कुणाच्या पिकात त्वांड घालतीयास?"

तेव्हापासून त्या पट्टीला सगळी पेठ मुसकंच म्हणू लागली. कालिंदीही म्हणू लागली. नावावरून भांडण्यापेक्षा दुसरी भांडणं तिच्यापुढं होती.

घरात रोज सकाळी वाटाघाटी चालायच्या. सिनेमा बंद, यावर कुणी हरकत घेतली नाही. कपिलतीर्थावर भाजीला जायचं ते गर्दी व्हायच्या आत, तेही एकट्यानं. पण दर शुक्रवारी अंबाबाईला जायचा माईचा नेम होता.

"देवीच्या दारात कुठला ताप यील?" माई म्हणाली.

"देवीच्या दारात नाही येणार. पण रांगेत तुझ्या मागं उभी असेल तिच्या नाकातून येईल, त्याचं काय?"

शेवटी तोड निघाली, की माईनं महाद्वाराबाहेरूनच हात जोडायचे. दादांचं प्रकरण जास्त अवघड होतं. त्यांना रविवारी मिसळ लागायची आणि ती घरातली चालायची नाही. "अगं, त्या कटाचा जाळ घशाखाली उतरल्यावर कुठला जंतू जगतोय? माझाच जीव तिथं निम्मा हुतोय!" पण दादांनाही नमतं घ्यावं लागलं. मिसळ खायची, पण हॉटेलाच्या आत नाही. बाहेरच्या बाकड्यावर, उघड्या हवेत बसून.

एवढं ठरवून बाहेर पडलेल्या दादांनी बिंदू चौकात पान खाल्लं आणि तोंडावर काही बांधलंय याचा विसर पडून झोकात पिंक टाकली. ते घरी आले तेव्हा त्यांची लालभडक छाती बघून माई किंचाळली, की रक्त ओकलं!

त्याच दिवसांत गारगोटीहून स्थळ आलं. मुलगा वसंत, तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. आईबाप लहानपणीच गेलेले, बाळाबाई नावाच्या आत्यानं त्याला वाढवलेलं. तो तिला आत्ती म्हणायचा. आषाढ लागला की असली कामं खोळंबतात, म्हणून बाळाबाईनं घाईनं निरोप धाडला, की रविवारी येतो.

"त्या दिवशी तरी त्ये काढ," दादा म्हणाले. "लोकं काय नुसतं डोळं बघाय येणार हाईत?"

"एस.टी.त पन्नास माणसांत कोंबून येणार ती दोघं. त्यांच्या नाकातोंडात काय आहे ते विचारलंत?"

"न्हाय. आणि इचारणार बी न्हाय! लोक म्हणतील, पोरीचा ओठ फाटलेला हाय."

"म्हणू देत. अंगणात शेवग्याखाली बसू. लांब उभी राहून मी क्षणभर काढीन, मग तर झालं?"

दादांनी पानाचा डबा पुढ्यात ओढला. सव्वीस वर्षांच्या मुलीवर किती ओरडायचं यालाही मर्यादा असते. कालिंदीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. आजवर चारपाच स्थळं येऊन तिला बघून गेली होती. कुणी नाक बघितलं, कुणी दात. या खेपेला त्यांना काहीच दिसणार नव्हतं आणि तिला मात्र सगळं दिसणार होतं. या विचारानं तिला आतल्या आत भारी मजा वाटत होती.

रविवारी पावसानं उघडीप दिली. बाळाबाई अंगणात आली तीच मुळी गाडी हाकल्यासारखी. नऊवारी, अंगानं भरदार, आवाज पार वेशीपर्यंत जाणारा. मागून वसंत. उंच, किडकिडीत, गळ्यात लोकरीचा मफलर. कालिंदीनं पोह्यांच्या बशा बाकड्यावर ठेवल्या आणि ती चार हात मागं सरकली.

"का वं पावणं, पोरगी आजारी हाय का?" बाळाबाईनं दादांना विचारलं.

"न्हाय न्हाय, ठणठणीत हाय की."

"मग त्वांड का झाकलंय? गारगोटीवरनं एवढं आदळत मी काय मुसकं बघाय आलो व्हय?" बाळाबाई आपल्या मुलखातल्या बायांसारखी स्वतःला 'आलो, गेलो' म्हणायची.

कालिंदीचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. जूनच्या उकाड्यात मफलर, डोळे लालबुंद, आणि हातातली बशी एकसारखी खुळखुळणारी. तिनं हे रोज वर्गात बघितलं होतं.

"ह्यांना ताप आहे," ती म्हणाली.

"ताप कुठला? लाजतोय त्यो!"

"लाजल्यावर कान लाल होतात. डोळे नाही."

"आत्ती," वसंत बारीक आवाजात म्हणाला, "मला जरा..." पुढचं वाक्य राहिलं. तो बाकड्यावरून हळूहळू घसरला आणि पोह्यांसकट शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन बसला.

मग बाळाबाईनं कबूल केलं. कालपासूनच त्याचं अंग तापलं होतं. पण आषाढ तोंडावर आलेला. म्हटलं, बघून तर घ्यावं.

आता याचं करायचं काय? दादा म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं परत धाडावं. लगीन न्हाय, कार्य न्हाय, बघायला आलेला पोरगा घरात ठेवून घेतला तर पेठ काय म्हणेल? माईला वाटे, दारात पडलेलं माणूस असं कसं लोटायचं? सगळे कालिंदीकडं बघू लागले. तिनं तर दिवसाचा प्रत्येक धोका तोलायचा वसाच घेतला होता. घरात ठेवला तर तीन माणसांना धोका. गाडीत बसवला तर भरल्या एस.टी.ला, आणि तिथून गारगोटीपर्यंत जिथं जिथं माणूस उतरेल त्या त्या गावाला. शिवाय हा गडी वाटेतच कोसळणार.

"बाहेरच्या सोप्यात खाट टाका," ती म्हणाली. "खिडक्या उघड्या ठेवा. आणि दादा, पेठ काय म्हणेल याची काळजी नको. चार दिवसांत पेठ नुसती खोकणार आहे."

वसंत सोप्यात झोपला. पेज उंबऱ्यावर ठेवली जायची. डॉक्टरांचं लाल मिक्स्चर पाजायला कालिंदी आत जायची, ती मुसकं घट्ट करून, आणि बाहेर आली की हात साबणानं धुवायची. बाळाबाईलाही एक मुसकं देऊन बघितलं. तिनं ते उलटंपालटं करून परत दिलं. "हयात गेली, कुणाफुडं त्वांड बंद ठेवलं न्हाय. आता तापाफुडं ठेवू व्हय?" ती भाच्याच्या खाटेला खेटून बसायची, त्याचं कपाळ पुसायची, त्याच्याच तांब्यातलं पाणी प्यायची.

ताप उतरल्यावर वसंतानं कागद-पेन्सिल मागितली. निवडणुकीतली उरलेली पत्रकं घरात होती, पाठीमागून कोरी. कालिंदीनं ती दिली. दुसऱ्या दिवशी ती पेजेची वाटी उचलायला गेली तर खाटेवर चित्रं पसरलेली. सगळ्या चित्रांत डोळे तिचेच. मधला भांग, कपाळावरचं कुंकू, सगळं हुबेहूब. पण नाकाखाली प्रत्येक कागदावर वेगळीच बाई. एकीचे ओठ शिवल्यासारखे घट्ट, एकीचे दात पुढं, आणि एकीला चक्क दादांच्या मिशा.

"हे काय?"

"अंदाज," वसंत म्हणाला.

"मिशा?"

"मिक्स्चर पाजताना तुमचा आवाज ऐकला की मिशाच असतील असं वाटतं."

कालिंदीला हसू फुटलं. मुसक्यात ते मावेना, नाडी सुटते की काय असं झालं. ती बाहेर गेली, अंगण ओलांडून पार पलीकडच्या भिंतीला टेकली आणि तिथून म्हणाली, "खिडकीत या."

वसंत खिडकीत आला. तिनं नाडी सोडली. गालावर वळ उठलेले, नाक घामानं चमकणारं, पावडर नाही, काही नाही. आजवर तिला बघायला आलेल्यांपुढं ती अशी कधीच उभी राहिली नव्हती. वसंतानं बराच वेळ बघितलं.

"एकही जमलं नाही," तो म्हणाला. "वरच्या ओठावर तीळ आहे. तो मला सुचलाच नव्हता."

कालिंदीनं मुसकं पुन्हा बांधलं. घाईत ते उलटं बांधलं गेलं.

पण म्हणून ती लगेच पाघळली असं नाही. पेज देणाऱ्या माणसाशी आजारी माणूस गोडच बोलतो, एवढं तिला कळत होतं. आणि विचार करायला सवडही मिळाली नाही, कारण पाठोपाठ दादा आडवे पडले. मग माई. आणि ते दोघं उठून बसतात तोवर, इतकं सगळं सांभाळून, खुद्द कालिंदी.

बाळाबाई, जिनं एकदाही तोंड झाकलं नाही, तिला साधी शिंक आली नाही.

"बघ!" ती कालिंदीच्या उशाशी येऊन गरजली. "बांधलंस मुसकं, काय झालं? मला काय झालं?"

कालिंदी रागानं उठू बघत होती, पण अंगात त्राण नव्हतं. उत्तर दिलं ते वसंतानं, चुलीपुढून. "आत्ती, तुझं नशीब थोर, ते मान्य. पण ह्यांनी मुसकी बांधली नसती तर घर एका दमात झोपलं असतं. एकामागून एक पडले म्हणून प्रत्येकाला पेज मिळाली. मला पेज कुणी दिली असती? तू? तुझ्या पेजेपेक्षा ताप बरा."

एकदा ताप येऊन गेलेल्याला तो इतक्यात पुन्हा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून शाळेची रजा वाढवून वसंत घराचा कारभारी झाला. मंडईत तोच जायचा. भाकरी तोच थापायचा, ती प्रत्येक वेळी करवीर तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची. मुसकी उकळत्या पाण्यात घालून दोरीवर वाळत टाकायचा. दादांचे पाय चेपायला बसला की दादा कळवळायचे. "आरं, मी तुला अजून जावई म्हटलेलं न्हाय! असं पाय धरलंस तर न्हाय म्हणायला जागा कुठं राहतीया?"

एका दुपारी कालिंदी डोळे मिटून पडली होती. बाळाबाईला वाटलं ती झोपलीय. तिनं वसंताला अंगणात गाठलं आणि आपल्या मते हळू आवाजात, म्हणजे धोंडुबाईलाही ऐकू जाईल असं, विचारलं, "पोरगी गुणाची हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर नोकरी सोडून गारगोटीला यील का? तू सांग तिला सोडायला."

"मी नाही सांगणार."

"मग कसं व्हायचं रं?"

"मी इकडं बघतो एखादी शाळा. ड्रॉइंग कुठंही शिकवता येतं."

कालिंदीनं डोळे किलकिले करून खिडकीतून बघितलं. तो दोरीवरच्या मुसक्यांच्या घड्या घालत होता, रेघांची वेगळी, फुलांची वेगळी. तिनं आजवर भाजीपासून देवदर्शनापर्यंत सगळं तोलून बघितलं होतं. हे तोलायला तिला वेळ लागला नाही.

संध्याकाळी तो पेज घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "खोकताना तुम्ही तोंडावर रुमाल धरत नाही. ते सुधारायला हवं."

"सुधारलं तर?"

"तर दादांशी बोला."

वसंत गेला तो थेट दादांकडं. उंबऱ्यावर ठेच लागली तरी थांबला नाही.

आठवड्यानं बाळाबाई आणि वसंत परत निघाले. दादा अजून अशक्त होते, तरी एस.टी. स्टँडवर पोहोचवायला आले. कालिंदी रेघांचं मुसकं बांधून उभी होती. गाडी सुटणार तेवढ्यात बाळाबाईनं खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं.

"पावणं! तुळशीचं लगीन झालं की आपलं! मागंफुडं न्हाय हं! आणि पोरीला म्हणावं, मांडवात तरी त्वांड उघडं ठीव!"

"आक्का," कंडक्टर म्हणाला, "घंटी मारू, का हितंच लग्नाच्या याद्या करतासा?"

स्टँडवरची माणसं हसली. कालिंदीचे कान लाल झाले. दादांना इतकं हसू आलं की त्या हसण्यातून जोराचा खोकला उसळला आणि थांबेचना, तशी भोवतालची सगळी गर्दी बोचकी-पिशव्या उचलून झटकन चार पावलं मागं सरली.