पेशंटचं काम

आमच्या इंग्रजीच्या वर्गात नवरा-बायकोला एका बाकावर बसू देत नाहीत. एकत्र बसलं की मराठी सुरू होतं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून माझ्या वाट्याला टक्कल पडलेला घड्याळजी आला आणि आमच्या ह्यांच्या वाट्याला बेकरीवाली. हसली की गालाला खळी पडते मेलीच्या.

सध्या धडा आजारपणाचा. एकानं डॉक्टर व्हायचं, दुसऱ्यानं पेशंट. घड्याळजीला दर वेळी सर्दीच. "रनिंग नोज, रनिंग नोज" म्हणत तो रुमाल फडकवतो आणि मी "टेक रेस्ट" सांगून मोकळी होते. कान मात्र पलीकडच्या बाकावर.

तिथं काय रंग भरायचा! घरी काही विचारलं तर नुसती मान हलवणारा माणूस, तिथं पोपटासारखा बोलायचा. "चेस्ट पेन. फ्रॉम मेनी डेज. ऑन स्टेअर्स, मोअर." हात छातीवरून डाव्या दंडापर्यंत नेऊन दाखवायचे. ती पुढे झुकून विचारायची, "स्वेटिंग?" हे म्हणायचे, "येस, स्वेटिंग." वर मॅडम सगळ्यांना सांगायच्या, बघा, असं मनापासून बोलावं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी साधं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं नाही ह्यांनी.

घरी आल्यावर मी सुनावलं, "फारच लाडात येता त्या बाईसमोर! दुखणं तेच, पण रोज नवा रंग!"

"अगं, अभ्यास आहे तो," हे पायमोजे काढत म्हणाले.

काल वर्गाच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. बेकरीवाली येणार नव्हती, म्हणून मी खुशीत भराभर जिना चढत होते. वळून बघते तर हे खाली कठडा धरून उभे. दुसरा हात छातीवर. तो हळूहळू डाव्या दंडाकडे गेला. कपाळ घामानं डबडबलेलं.

"काय होतंय?"

"काही नाही. तू हो पुढे."

जिन्यात आम्ही दोघंच होतो. मग हे दाखवत होते कुणाला? मी धावत खाली आले आणि ह्यांना तडक दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय होतंय, कधीपासून. ह्यांनी नुसती मान हलवली. मीच बोलले, "चेस्ट पेन. फ्रॉम मेनी डेज. लेफ्ट आर्म. ऑन स्टेअर्स, मोअर. स्वेटिंग." एकही शब्द अडला नाही. अडेल कसा? प्रत्येक शब्द जळत जळत ऐकला होता.

डॉक्टरांनी ह्यांना लगेच आडवं केलं, छातीला तारा लावल्या आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत म्हणाले.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," हे म्हणाले. "तिथं सगळं खोटंच होतं ना."

मला रडू फुटलं, तरी ती खळी काही डोक्यातून जाईना. दुखणं माझ्या नवऱ्याचं, आणि आधी कळायचं तिला! मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"ह्यापुढे आधी मला सांगायचं," मी म्हटलं. "अगदी खोटं खोटं दुखलं तरी मलाच."