पाऊण इंच अंगण

माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंचाने आखूड आहे. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, कारण माझे वडील बूट करत. त्यांना जाऊन आता चार महिने झाले.

अकराव्या वर्षी मी त्यांच्या दुकानाच्या माळ्यावरून पडले. माळ्यावर चामड्याच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असत. "तपकिरी काढून दे गं," बाबा खालून म्हणाले. मी काळी काढली, चूक लक्षात आल्यावर परत ठेवायला वळले, आणि शिडी काही माझ्याबरोबर वळली नाही. डाव्या गुडघ्याच्या जरा वर हाड मोडलं. तोपर्यंत माझं सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे हलणारा दात. आपलं शरीर आपल्याला न विचारता काही करू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

सहा आठवडे मी रुग्णालयात पायाला वजन टांगून पाठीवर पडून होते. वाचायची सवय तिथली. नर्सबाईंच्या कपाटात होतं ते सगळं वाचून काढलं: दोन प्रवासवर्णनं, एक रहस्यकथा जिची शेवटची पानं नव्हती, आणि मूळव्याधीवरचं एक पुस्तक. ते दोनदा वाचलं, कारण त्याला शेवट होता.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. पण हाड जिथून वाढतं ती जागा दुखावली आहे. उजवा पाय वाढत जाईल, हा थोडा मागे राहील."

"किती?" बाबांनी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येणार."

बाबांना हे उत्तर पटलं नाही. त्यांच्या धंद्यात माप सांगता येत नाही असं नसतं. त्या दिवसापासून दर महिन्याला ते मला टेबलावर आडवं करून कमरेपासून घोट्यापर्यंत टेप लावत आणि आकडा भिंतीवर लिहीत.

वर्षभरात फरक पाव इंचाचा झाला, तेव्हा त्यांनी माझा पहिला जोड केला. उंची बाहेरून दिसू नये म्हणून तळ आणि वरचं चामडं यांच्यामध्ये कॉर्कचा थर, टाचेकडे जाड आणि बोटांकडे उतरत गेलेला. चार दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी बूट घरी आणून स्वतःच्या हाताने माझ्या पायांत घातले, नाड्या बांधल्या, आणि म्हणाले, "चाल."

मी चालले. सकाळपर्यंत मी थोडी लंगडत होते, आता चांगलीच लंगडत होते. दारापर्यंत गेले, परत आले.

"कसं वाटतंय?"

त्यांचा चेहरा पाहून मी म्हणाले, "मस्त."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "अहो, पोरगी होडीसारखी हेलकावतेय."

"नवीन आहेत. अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात."

"पायवळणी म्हणा," आई म्हणाली आणि परत भाजीकडे वळली.

दोन दिवस मी ते बूट घालून शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले, तेव्हा खिळेकाकांनी मला दारातून आत येताना पाहिलं. ते बाबांचे कारागीर. ओठांत पाच-सहा खिळे धरून काम करत, म्हणून मी हे नाव ठेवलं होतं. "तोंडात खिळे असले की माणूस खोटं बोलत नाही," ते म्हणत, "जागाच नसते." त्या दिवशी त्यांनी खिळे एकेक करून तळहातावर काढून घेतले. म्हणजे बोलायचं होतं ते लांबलचक तरी होतं किंवा गंभीर तरी.

"मालक, एक विचारू का? पोरीचा आखूड पाय कुठला?"

"डावा."

"मग उजव्याला उंची कोणासाठी दिलीत?"

तळ लावताना बूट मांडीवर उलटा असतो. डावा उजव्यासारखा दिसतो, उजवा डाव्यासारखा. नवशिके हटकून चुकतात. बाबा तेव्हा पंचवीस वर्षं हे काम करत होते. ते उठले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझ्या नाड्या सोडायला लागले.

"तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही खूश होता."

त्यांनी दोन्ही बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "पायाच्या बाबतीत मला खोटं सांगायचं नाही. बाकी शाळेबद्दल, मार्कांबद्दल काय सांगायचं ते सांग."

तो उजवा बूट त्यांनी भिंतीवर खिळ्याला टांगला. पुढे जो कोणी शिकायला येई, त्याला आधी तो दाखवत. "हा बघ. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने केलेला बूट आहे. नीट बघून घे."

'अंगण' हा शब्द आमच्या घरात त्यानंतर आला. शाळेच्या कार्यक्रमात नाच होता. मीही रांगेत उभी राहिले होते. माझं पाऊल चुकलं. मी म्हणाले, इथे जमीन उतरती आहे, आणि ती खरंच होती. मागून एक मुलगी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." सगळ्या हसल्या. मी घरी येऊन रडले, पण रडायचं कारण सांगायला मला रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ लागला.

बाबांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग म्हणाले, "बरोबर बोलली ती."

"अहो!" आई म्हणाली.

"अगं, बरोबरच आहे. पोरीचा पाय ठीक आहे. अंगणच वाकडं आहे. ते सरळ करणं माझं काम."

तेव्हापासून कॉर्कच्या थराला आम्ही अंगण म्हणू लागलो. "अंगण झिजलं का गं?" "या वेळी अंगण दोन सूत वाढवलंय." चौदाव्या वर्षी फरक पाऊण इंचावर येऊन थांबला. पुढे तीस वर्षं, वर्षाला एक जोड. परगावी शिकायला गेले तेव्हा पार्सलने, माझ्या लग्नाला रेशमी कापड चढवून, घटस्फोटानंतर लाल रंगाचा, मी न मागता.

मी ग्रंथालयात काम करते. वाचक चिठ्ठी देतो, मी आत जाऊन पुस्तक शोधून आणते. तीन मजले, अरुंद जिने, मधूनमधून मालवलेले दिवे. दिवसभर चालणं. बाबा गेल्यावर त्यांच्या शेवटच्या जोडाचा तळ महिन्याभरात बाहेरच्या कडेने झिजला. कोपऱ्यावरच्या माणसाने सपाट रबर चिकटवून दिलं. त्याचा दोष नाही, त्याला उतार माहीत नव्हता. कंबर दुखायला लागली. मग मी रुग्णालयाच्या दुकानात गेले. तिथे एक काळा बूट होता, त्याच्या तळाला वीट लावल्यासारखा. मी पायात घालून पाहिला. विक्रेता पलीकडच्या माणसाला म्हणाला, "या केसला एक नंबर मोठा लागेल." केसने बूट काढून काउंटरवर ठेवला आणि घरी आली.

गेल्या आठवड्यात मुख्य ग्रंथपाल बाईंनी मला बोलावून घेतलं. चांगल्या बाई आहेत. "तुम्हाला जिन्यात त्रास होतो, मी बघते ना. देवघेवीच्या टेबलावर बसा आता. कायमच्या. सोमवारी मला सांगा."

लोक खुर्चीसाठी काय काय करतात. मला ती लंगडल्याबद्दल मिळत होती. पण पुस्तकावर शिक्का मारून ते हातात देणं कोणालाही येतं. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक अंधारातून हुडकून आणणं मला येतं. आणि एकदा बसले की मी उठणार नाही, हे मी स्वतःला ओळखत असल्यामुळे मला ठाऊक होतं.

दुकानही त्याच सोमवारी रिकामं करून द्यायचं होतं. शनिवारी दुपारी मी किल्ली लावली, तर खिळेकाका आधीच बाहेरच्या पायरीवर येऊन बसलेले. त्यांना आता समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. तुमच्याकडे बघायचं असलं की ते शेजारच्या भिंतीकडे तोंड करतात.

कामाच्या टेबलावर जुन्या चादरीखाली एक जोड होता. वरचं चामडं शिवून लाकडी साच्यांवर ताणून बसवलेलं, तळ लागायचे राहिलेले. साचे माझ्या पायांचे होते. शेजारी कॉर्कचा तुकडा, त्यावर पेन्सिलीची रेघ. कापायचा राहिलेला.

काकांनी हात फिरवून पाहिलं. "तुझाच. मला म्हणाले होते, पुढच्या आठवड्यात तळ लावू."

"आता कोण लावेल?"

"कोण लावणार? मालकांकडे शिकलेल्यांपैकी एकाने तयार मालाचं दुकान काढलं. दुसरा कुठे आहे त्याच्या बायकोलाही माहीत नाही."

"मग मी लावते."

"तू?" काका भिंतीकडे बघत हसले. "पुस्तकात वाचून? पुस्तक वाचून पोहणारे माहीत आहेत मला. वरच येत नाहीत."

"तुम्ही सांगा, मी करते. तुम्हाला डोळे नाहीत, मला हात नाही. मिळून एक कारागीर तरी होईल."

"अर्धा होईल," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा. मालक असते तर हसून हसून मेले असते."

मी शटर पूर्ण वर केलं, उजेड आत घेतला.

माझा चष्मा घरी राहिला होता. बाबांचा खणात होता, तो लावला. नंबर जवळजवळ तोच निघाला. कॉर्क कापायला घेतला. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. ती कशी धरायची हे मी आयुष्यभर पाहत आले होते, आणि हातात घेतल्यावर लक्षात आलं की पाहिलेलं काही उपयोगाचं नाही.

"दाबू नकोस, ओढ," काका म्हणाले. "आवाज येतोय तो दाबल्याचा आहे."

"आता?"

"आता ओढतेयस. पण रागाने ओढतेयस."

शनिवार सगळा उतार तासण्यात गेला. काका दर थोड्या वेळाने तुकडा मागून घेत, अंगठा फिरवत आणि म्हणत, "इथे टेकडी आहे." मी टेकडी काढे. मग ते म्हणत, "आता खड्डा केलास." पहिला तुकडा फुकट गेला. दुसरा चालेल म्हणाले. रविवारी डिंक, मग तळ, मग खिळे. खिळ्यांचं काम मी करत होते, तरी काकांनी सवयीने पाच-सहा आपल्या ओठांत धरले होते आणि मी हात पुढे केला की एकेक देत होते.

"डावा घेतलास ना?"

"घेतला," मी म्हणाले. दोन्ही बूट मांडीवर उलटे होते. मी डाव्या बाजूचा घेतला होता.

चार वाजता साचे ओढून काढले. बूट पायांत घातले, नाड्या बांधल्या, उठून उभी राहिले. खोली डावीकडे कलली. हा हेलकावा माझ्या चांगला ओळखीचा होता, मधे तीस वर्षांहून जास्त गेली होती तरी.

"चाल," काका म्हणाले.

मी दारापर्यंत गेले, परत आले.

"कसं वाटतंय?"

त्यांना नीट दिसत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोन दिवस खपले होते बिचारे. भिंतीवरचा तो बूट मी अजून खाली काढला नव्हता.

"काका, अंगण उजव्याला लागलं."

काकांनी उरलेले खिळे एकेक करून तळहातावर काढले. त्यांचे खांदे हलायला लागले. "पंचवीस वर्षं लागली होती त्यांना चुकायला," ते म्हणाले. "तू पहिल्याच झटक्यात!"

मीही हसायला लागले. पोट धरून, बाकावर बसून हसले. मग ते हसू राहिलं नाही. चार महिन्यांत मी लोकांसमोर रडले नव्हते. काका भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे माझ्याकडे.

"पक्कड घे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "उजेड आहे अजून. आणि सरळ ओढ, वाकवू नकोस. तेच खिळे परत लावायचेत."

पहिला वाकला. दुसरा सरळ आला.

सोमवारी सकाळी बाईंनी विचारलं, "काय ठरवलंत?"

"वरच्या मजल्याच्या चिठ्ठ्या आल्या असतील तर द्या," मी म्हणाले.

त्यांनी तीन दिल्या. मी जिन्याने वर गेले. डाव्या बुटातून पायरीगणिक एक करकर येत होती. बाबांच्या बुटांतून कधी आली नाही. पुढच्या जोडाला बघू.