राजसबाईंनी विषय बदलला तेव्हा

गेलेलं बोलणं परत आणायचं, हे देविकाचं शिक्षण. पक्षाघातानं ज्यांची वाचा जाते त्यांना एकेका शब्दापर्यंत पुन्हा न्यायचं काम तिनं मिरजेच्या एका दवाखान्यात दोन वर्षं केलं होतं. मग यशशी लग्न झालं, त्याला चेन्नईच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि दोघं अण्णा नगरात राहायला आली. इथल्या तीन इस्पितळांत तिनं अर्ज केले. तिन्हीकडे नम्रपणे एकच विचारलं गेलं, "तमिळ येतं का?"

येत नव्हतं. आपल्यालाच भाषा येत नाही, तर दुसऱ्याला काय बोलतं करणार, हे तिलाही पटलं. तिनं एका सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजी माहितीपत्रकं तपासायची नोकरी धरली. बघता बघता सात वर्षं झाली. कुणी विचारलं तर ती "आयटीत आहे" एवढंच सांगायची.

त्या वर्षी मराठी मंडळाचे सचिव माधवराव तिच्याकडे आले. "नाटक, गाणी दरवर्षीच होतात," ते म्हणाले. "यंदा माणसांना बोलू देऊ. सहा जण, प्रत्येकाला दहा मिनिटं. तू बघशील का?"

तिनं हो म्हटलं. पाच वक्ते आठवड्यात मिळाले. सगळे पुण्या-नाशकाकडचे, तिच्याच वयाचे. यादी पाहून माधवराव म्हणाले, "तंजावरकडचं कुणीतरी हवं गं. त्यांच्या पिढ्या इथं गेल्या, आपण कालचे." आणि त्यांनी अड्यारचा एक पत्ता दिला.

राजसबाई बहात्तर वर्षांच्या, निवृत्त गणित शिक्षिका. घरात एकट्याच. त्यांनी कॉफी पुढे ठेवली आणि आधी नकारच दिला. "आमची मराठी ऐकून तुम्हांस हसूं येईल. तुमची पुस्तकांतली, आमची सैंपाकघरांतली."

"मामी," देविका इथल्या रीतीनं म्हणाली, "लोकांना तीच ऐकायची आहे. सण, पदार्थ, लग्नातल्या रीती, असं काहीही सांगा."

म्हातारीनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "कशावरी बोलायचें तें मी ठरवूं का?"

"तुम्हीच ठरवा," देविका म्हणाली. पण पत्रिका छापायची होती, आणि तिनं त्यावर 'तंजावरी घरांतले सण' असं परस्पर घालून टाकलं.

कार्यक्रम एग्मोरच्या एका सभागृहात शनिवारी दुपारी झाला. नव्वदेक माणसं आली. पाच भाषणं ठीक झाली, लोक हसले, टाळ्या पडल्या. शेवटी राजसबाई उठल्या.

"नमस्कार करतें. पत्रिकेंत सण लिहिलें आहे. मी सणांवरी बोलणार नाहीं."

त्यांच्या हेलाला मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. माधवरावांनी देविकाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"माझे यजमान अनंतकृष्ण. टपालखात्यांत होते. बाहेर तमिळ, कचेरींत इंग्रजी, घरांत मराठी. गेल्या वर्षीं त्यांचे डोकींत रक्त सांकळलें. शुद्धीवरी आले, तर तमिळ गेलेलें. इंग्रजीही गेलेलें. आईनें शिकविली ती मराठी मात्र राहिली. मला दिवसांत एकच तास आंत सोडायचे. नर्स तमिळांत विचारी, हे मराठींत सांगत. 'पाठ जळते, मला कुशीवरी करा.' तिला कळेना. त्या पोरीचा दोष नाहीं. मी गेलें तोंवर पाठीस जखम झालेली."

मागचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"हे मराठी बोलतात असें मी सांगे, पण नर्स रोज नवी. कागदांवरी लिहिलेलें, 'रुग्णाचें बोलणें अर्थहीन.' मी गणिताची शिक्षिका. चुकलेलें उत्तर वेगळें आणि आपणांस न समजलेलें उत्तर वेगळें. एकवीस दिवस माझे यजमान नीट बोलत होते. मग गेले. इतकेंच सांगायचें होतें."

त्या खाली बसल्या.

आभार देविकानं मानायचे होते. ती माईकपाशी गेली. हातात नावांची यादी होती, पण ती वाचवेना. "मी वाचा-उपचार शिकले आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी याच शहरात होते." यादी तशीच ठेवून ती जागेवर जाऊन बसली. सात वर्षांत हे तिनं बाहेरच्या कुणाला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

लोक पांगल्यावर एक तिशीतला माणूस जिन्यापाशी थांबून राहिला. मुरली त्याचं नाव, तोही तंजावरी घरातला. त्याची आई तुळसी पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन आडवी झाली होती, वाचाही गेली होती. "इस्पितळातले लोक तमिळमध्ये बोलायला शिकवायला येतात," तो म्हणाला, "पण ती तोंड फिरवून घेते. तुम्ही एकदा पाहाल?"

"मला तमिळ येत नाही," देविका म्हणाली. "आणि तुमच्या घरातली मराठीही पुरती येत नाही."

"ती मी सांगतें," मागून राजसबाई म्हणाल्या.

त्यानंतर दर शनिवारी दोघी मुरलीच्या घरी जाऊ लागल्या. देविका चित्रं दाखवायची, ओठ कसे मिटायचे ते दाखवायची; शब्द राजसबाईंचे. पहिले सात शनिवार काहीच झालं नाही. आठव्या शनिवारी तिनं कॉफीचा पेला तुळसीच्या ओठांशी नेला. तुळसीनं मान बाजूला केली आणि स्पष्ट म्हणाली, "नक्को."

इतक्या महिन्यांनी आईचं पहिलं बोलणं आलं, ते नकाराचं. आणि मुरली रडत होता.

जूनमध्ये देविकानं नोकरी सोडली. यश म्हणाला, "आता पुन्हा शिकाऊ म्हणून लागणार? तुझ्याहून दहा वर्षांनी लहान मुली तुला चुका दाखवतील."

"दाखवू देत," ती म्हणाली.

अड्यारच्या एका लहानशा उपचार केंद्रात तिला मदतनीस म्हणून घेतलं. सकाळी तासभर ती राजसबाईंकडे तमिळ शिकायची. राजसबाई कडक होत्या, उच्चार चुकला की दहादा म्हणायला लावायच्या. केंद्रातल्या डॉक्टरांकडे देविकानं एकच गोष्ट लावून धरली. नव्या रुग्णाच्या कागदावर सगळ्यांत आधी लिहायचं, घरात कोणती भाषा बोलतात. उत्तरं येऊ लागली तसं तिचं तिलाच नवल वाटलं: तेलुगू, कानडी, उर्दू, सौराष्ट्री. मग त्या त्या घरातलं कुणीतरी शेजारी बसवून ती कामाला लागायची.

तुळसी साठेक शब्दांपर्यंत पोचली. मुरलीचं नाव तिला शेवटपर्यंत नीट जमलं नाही. डिसेंबरात दुसरा झटका आला आणि ती गेली. तेरावा झाल्यावर मुरली केंद्रात सांगायला आला, तेव्हा देविका एका तेलुगू आजोबांपाशी बसली होती. ती बाहेर आली.

"शेवटच्या आठवड्यात आई माझ्याशी भांडली," तो म्हणाला. "भातात मीठ नव्हतं म्हणून. चांगली दहा मिनिटं भांडली."

देविकानं त्याला बाकावर बसवलं आणि त्याचं बोलून होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली.